सगळ्यात हिरवं गवत

माझा नवरा गवताला जेवायला घालतो, असं लग्नानंतर मी माहेरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं, पोरीची फसवणूक झाली. फसवणूक नव्हती, काम खरंच तेच होतं. शहर संपतं तिथे टेकडीच्या उतारावर गवत संशोधन केंद्र आहे. कुंपणाच्या आत गवताळ जमिनीचे चौकोन आखलेले आहेत, एकेक आमच्या दोन खोल्यांएवढा. काही चौकोनांना दरवर्षी नत्राचं खत मिळतं, काहींना कमी, काहींना भरपूर, आणि काहींना अजिबात नाही. ज्यांना काहीच मिळत नाही ते आमच्या घरात 'उपाशी' आणि भरपूर मिळतं ते 'खादाड'. नावं मी ठेवली. नवरा आधी चिडला, मग तोही तेच म्हणायला लागला.

"खत घातलं की गवत वाढतं, हे कळायला वीस वर्षं लागतात का रे?" मी त्याला चिडवायचे.

"वाढतं कोण आणि मरतं कोण, हे कळायला लागतात," तो म्हणायचा. त्याला चिडवलेलं कळत नाही, तो उत्तर देतो.

एकदा त्याने मला मुद्दाम नेऊन दाखवलं. खादाड चौकोनात कमरेएवढं गवत, गडद हिरवं, दाट, वाऱ्यावर डुलणारं. पण त्यात दोनच जाती. त्या दोघी खत खाऊन इतक्या उंच झाल्या की खाली ऊनच पोचेना, आणि बुटकी झाडं एकेक करून अंधारात मेली. उपाशी चौकोन म्हणजे झिजलेल्या सतरंजीसारखा, मधूनमधून माती दिसणारा. तिथे त्याने मला फळीवर गुडघे टेकून बसवलं. हो, फळीवर. चौकोनात पाय टाकायचा नाही, आडव्या फळ्यांवरून चालायचं, असा त्याचा दंडक. तर त्या खुरट्या गवतात चाळीसेक जाती निघाल्या. तो पानावरून ओळखून सांगत होता, मी हो हो करत होते. खरं सांगायचं तर मला खादाडच आवडला होता. मी कपडे शिवणारी बाई आहे, मला भरलेलं, अंगभर कापड आवडतं, विरलेलं नाही.

केंद्राचा दुसरा दंडक असा की कुंपणाच्या आतली काडीसुद्धा बाहेर जाणार नाही. हंगामाला गवत कापायचं, भट्टीत सुकवायचं, वजन करायचं, चिमूटभर दळून त्यात नत्र किती ते तपासायचं, आणि उरलेलं लोखंडी पिंपात जाळायचं. माझ्या मुलीने लहानपणी तिथलं एक निळं फूल केसांत खोचून आणलं तर याने ते काढून पिशवीत घालून परत नेलं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. इतका सरळ माणूस म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप असतो.

त्याला एकच बहीण. सगळे तिला धाकटीच म्हणतात, आता चाळिशी उलटली तरी. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच तिच्या वेण्या घातल्या, दादानेच तिला सायकल शिकवली. तिचा नवरा एका सकाळी कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्यानंतर तिने बस डेपोच्या मागे एक पडकी शेड घेतली आणि गाई पाळायला लागली. घरोघर दूध घालायची. थोरली, भांडखोर, नकटी, पांढरपायी अशा सात गाई. माणसांशी ती तोडून बोलायची, गाईंशी बोलताना मात्र आवाज असा मऊ की मला हेवा वाटायचा. नणंद-भावजयीचं आमचं नातं तसं बरं होतं, म्हणजे महिन्यातून एकदाच भांडण.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. टेकडी करपली, बाजारातला चारा दिसेनासा झाला. धाकटीच्या गाई खोक्यांचा पुठ्ठा चावायला लागल्या. थोरली सहा महिन्यांची गाभण होती, तिच्या बरगड्यांतून हात फिरवला तर बोटं अडकायची. दूध निम्म्यावर आलं. धाकटी काही मागायला आली नाही. मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

एक दिवस मी नवऱ्याचा विसरलेला डबा धाकटीच्या हाती केंद्रावर पाठवला. ती पोचली तेव्हा तो पिंपात गवत जाळत होता.

"दादा, हे तू जाळतोस?" तिने विचारलं.

"नियम आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि डबा ठेवून निघून गेली.

भांडली असती तर तो बधला नसता, मी पैज लावून सांगते. नियमावर भांडायला त्याला आवडतं. पण ती नुसतं 'बरं' म्हणाली, आणि ते त्याला लागलं. रात्री जेवताना त्याने मला तीनदा सांगितलं की ती नुसतं बरं म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एक सर आली. धूळ बसण्यापुरतीच, पण खादाड चौकोनांना तेवढी पुरली. जवळजवळ सुकलेलं गवत चारच दिवसांत असं हिरवं झालं की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. केंद्राला हवं तेवढं कापून झालं, वजनं झाली. उरलेलं जाळायचं होतं. त्या सकाळी नवरा हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. गाडीवर ओल्या हिरव्या गवताचे भारे, वर ताडपत्री.

"मोठ्या बाईंना विचारलंस?" मी म्हटलं. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख शास्त्रज्ञ.

"नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्याने पोरीच्या केसांतलं फूल परत नेलं, तो हा माणूस. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. माझ्या मनात आलं, चला, एकदाचा माणसात आला.

"सगळ्यात जास्त खताच्या चौकोनातलं आणलंय," गाडी ढकलताना तो सांगत होता. "उपाशीतलं न्यायला लाजच वाटली असती. खुरटं, बोटभर. बहिणीला द्यायचं तर चांगलं द्यावं. याच्यात नत्र किती आहे माहितीये? दुसऱ्या कुठल्याच चौकोनात एवढं नाही. अंगात ताकद येईल त्यांच्या."

गोठ्यात शिरलो आणि वासानेच गाई उठून उभ्या राहिल्या. भांडखोरने दावं तोडायचंच बाकी ठेवलं. धाकटीने ताडपत्री ओढली आणि गवतात तोंडच खुपसलं. वर आली तेव्हा नाकाला पातं चिकटलं होतं.

"दादा, असलं गवत मी जन्मात बघितलं नाही," ती म्हणाली.

तो नुसता लाल झाला. तिने सगळ्यांना पुढ्यात भरभरून घातलं. आम्हीही घातलं. उपाशी गाईंनी मान वर न करता खाल्लं. आम्ही तिघं उलट्या बादल्यांवर बसून चहा प्यायलो, तिने दादाची नक्कल केली, मी हसून हसून चहा सांडला. किती दिवसांनी ती हसली होती. मग दादा पत्र्याचं एक भोक बुजवायला वर चढला आणि मी तिच्या फाटक्या गोणपाटांना टाके घालायला बसले.

पहिली नकटी थरथरली. धाकटीला वाटलं माशी बसली. मग नकटीने तोंड उघडलं आणि धावून आल्यासारखी धापा टाकायला लागली, जागच्या जागी उभी राहून. पांढरपायीचा मागचा पाय सरकला. बघता बघता कोपऱ्यातली एक गाय गुडघ्यांवर बसली आणि आडवी झाली. तिच्या तोंडाला फेस होता. धाकटी एकीकडून दुसरीकडे धावत होती, प्रत्येकीचं तोंड हातात धरत होती, "काय झालं गं, काय झालं?" असं विचारत होती. नवरा पत्र्यावरून उतरला तो जवळजवळ पडलाच.

गुरांचे डॉक्टर डेपोच्या पलीकडेच राहतात. मी धावत जाऊन त्यांना आणलं तोवर तीन गाई मेल्या होत्या. डॉक्टरांनी नकटीचा ओठ वर करून बघितला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, त्या मातकट निळ्या पडल्या होत्या. त्यांनी तिच्या मानेत सुई घातली आणि नळीत रक्त ओढलं. ते लाल नव्हतं. उकळून उकळून काळी पडलेली कॉफी असते ना, तसं होतं.

"काय घातलंत?" त्यांनी विचारलं.

 मग नवऱ्यानेच सांगितलं. कुठलं गवत, किती खत, पाऊस किती दिवस नव्हता, सर कधी आली, सगळं. सांगता सांगता त्याचा आवाज हळू होत गेला. मला वाटतं, शेवटच्या वाक्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याला कळलं होतं.

"नायट्रेट," डॉक्टर म्हणाले. "खतातलं नत्र गवतात साठतं ना, तेच पोटात जाऊन रक्तात भिनलंय. रक्त प्राणवायू धरतच नाही आता. हवा आत जातेय, पण उपयोग नाही." बोलता बोलता ते बॅग उपसत होते. त्यांनी निळ्या औषधाच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि उजेडात धरून बघितल्या. "हे औषध शिरेत दिलं तर उतरतं. पण माझ्याकडे दोघींपुरतंच आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यातून मागवेपर्यंत हातात वेळ नाही."

चार गाई उभ्या होत्या. थोरली, भांडखोर, नकटी, पांढरपायी.

"कुठल्या दोन?" डॉक्टरांनी विचारलं.

धाकटीने दादाकडे बघितलं. लहानपणापासून अडलं की ती त्याच्याकडेच बघायची, तशी बघितली. त्याने मान खाली घातली. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बोल ना काहीतरी! नेहमी बोलतोस तसं!

"थोरली," धाकटी म्हणाली.  डॉक्टर म्हणाले, ताई, लवकर. नकटी तिच्याच बाजूला उभी होती, तिने धाकटीच्या खांद्याला डोकं टेकलं होतं, कारण तिला स्वतःचं डोकं पेलवत नव्हतं. "भांडखोर," धाकटी म्हणाली. बोट मात्र दाखवलं नाही, तिच्या हातात नकटीचं डोकं होतं.

नकटी त्याच हातांत गेली. पांढरपायी तिच्या पाठोपाठ. भांडखोरला औषध टोचलं, तिने तशातही लाथ झाडली, आम्हाला आशा वाटली, आणि दिवेलागणीच्या आधी ती मेली. राहिली थोरली. ती पाय फाकवून भिंतीला टेकून उभी होती, आणि श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली. साखळ्या लावून ओढताना काय आवाज होतो ते मी सांगणार नाही. धाकटी दारात उभी राहून सगळं बघत होती. आत चल म्हटलं तर आली नाही. मोठ्या बाई आल्या, हातात कागदी पिशव्या.

"उरलेलं गवत आहे का?" त्यांनी विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "इथे सहा गाई मेल्यात आणि तुम्हाला गवत हवंय?"

"तपासायला हवं," त्या म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "अजून कुणाची जनावरं जायला नकोत." ते खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

तपासात जे यायचं तेच आलं. नवऱ्याने मला समजावलं, म्हणजे मला समोर बसवून तो स्वतःलाच सांगत होता. पाऊस नसला तरी मुळं नत्र ओढत राहतात. गवत वाढत असेल तर त्याचं पान होतं, देठ होतो. पण वाढ थांबलेली, मग ते नुसतं साठत जातं. त्यात ती सर आली, मुळांनी एकदम हपापून ओढलं, आणि वाढ व्हायच्या आत याने कापलं. "वीस वर्षं मी त्यातलं नत्र मोजलं," तो म्हणाला. "आकडा मोठा आला की आम्हाला बरं वाटायचं. खतातलं इतकं गवतात उतरलं, प्रयोग चालला, असं. ते कुणी खाल्लं तर काय होईल, हा प्रश्नच नव्हता. कुणी खाणारच नव्हतं ना." मोठ्या बाईंनी त्याला घरी थांबायला सांगितलं होतं, पुढचं ठरेपर्यंत. तो दिवसभर पलंगावर बसून असायचा. मी मशीन चालवायचे आणि त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

मग थोरलीने वासरू टाकलं. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी पोटातल्यालाही श्वास पुरला नसणार. धाकटीने ते गोणपाटात गुंडाळून स्वतः नेलं. मीच टाके घातलेलं गोणपाट होतं ते.

त्यानंतर तिचं डोकं चालेनासं झालं, असं शेजारी म्हणायचे. मला तसं वाटत नाही. ती थोरलीला खायला घालेना, एवढंच. कुठूनतरी जुना कडबा मिळाला होता, तो ती काडी काडी हुंगून बघायची, मोडून बघायची आणि त्यातला निम्मा फेकून द्यायची. मी बाजारातून पेंड नेली, तिने पिशवी उघडलीसुद्धा नाही. थोरली दिवसभर हंबरायची. विषातून वाचलेली गाय आमच्या डोळ्यांदेखत भुकेने मरत होती.

"अगं धाकटे, घाल तिला काहीतरी," मी म्हणायचे.

"घालते ना वहिनी. बघून घालते," ती म्हणायची. दादाशी ती एक अक्षर बोलत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो रोज जायचा, दारात उभा राहायचा आणि परत यायचा.

एक दिवस दुपारी तो जाग्यावर नव्हता. विळाही नव्हता. मला भलतीसलती शंका आली, मी चपला न घालता केंद्राकडे पळाले. तो उपाशी चौकोनात होता. फळ्या बाजूला फेकलेल्या, आणि हा माणूस दोन्ही पाय चौकोनात रोवून, वाकून, ते बोटभर खुरटं गवत कापत होता. पायांखाली काय काय तुडवलं जात होतं देव जाणे. एकामागून एक सगळे उपाशी चौकोन त्याने कापून काढले. सगळं मिळून एक भारा जेमतेम झाला.

"याला कधीच काही घातलेलं नाही," तो मला म्हणाला. "एक दाणासुद्धा नाही."

आम्ही गोठ्यात गेलो. थोरलीने मान ताणली. धाकटी मधे येऊन उभी राहिली.

"उपाशीतलं आहे," तो म्हणाला. "खत नाही यात."

धाकटीने भाऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. किती दिवसांनी त्याच्याशी बोलली. म्हणाली, "आधी तू खा."

मी म्हटलं, "वेडी आहेस का तू?" दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. नवऱ्याने मूठभर गवत घेतलं आणि तोंडात घातलं. गवत माणसाला गिळत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोनदा उलटून आलं, त्याने परत आत ढकललं आणि चावत राहिला. मूठ संपली. ओठांच्या कडेला हिरवा चिकट ओघळ होता. माणसाने खाल्लं म्हणून गाईचं काहीच कळत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"बस तिथे," धाकटी म्हणाली.

तो बादलीवर बसला. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या ओठांकडे बघायला लागली. मधेच उठून तिने त्याचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला, हिरड्या बघितल्या आणि परत बसली.  थोरली हंबरत होती. बाहेर डेपोतून गाड्या सुटत होत्या. उन्हं पत्र्यावरून उतरून भिंतीवर गेली. मला आधी राग येत होता, मग भीती वाटायला लागली, आणि मग लक्षात आलं की धाकटीलाही भीती वाटतेय, त्याच्यासाठी.

शेवटी ती उठली. भाऱ्यातून मूठभर गवत घेऊन थोरलीपाशी गेली. गाईने जीभ काढून तिची मूठ चाटली, बोटांच्या फटींतून पाती ओढायचा प्रयत्न केला. धाकटी तशीच उभी. 

"वहिनी, माझी मूठ उघडत नाहीये गं," ती म्हणाली आणि रडायला लागली, मोठ्याने, त्या दिवसापासून पहिल्यांदा.

मी जाऊन तिचं एकेक बोट सोडवलं. थोरलीने माझ्या तळहातावरून गवत उचललं आणि चावायला लागली. मी भारा तिच्या पुढ्यात सरकवला.  आम्ही तिघं तिच्यासमोर उभे राहून तिच्या नाकपुड्यांकडे बघत होतो. आत, बाहेर, आत, बाहेर.

"दादा," धाकटीने डोळे न हलवता विचारलं, "किती वेळ बघायचं?"

गवताबद्दल विचारलं आणि त्याने उत्तर दिलं नाही असं मी कधी बघितलं नव्हतं.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला.